मुका मार

आमच्या परभणी जिल्ह्यात, आणि बहुधा साऱ्या महाराष्ट्रात, दुखापतीचे दोन प्रकार मानण्याचा जुना प्रघात आहे. कातडी फाटून रक्त वाहू लागले तर ती जखम; आणि वरून काही न दिसता नुसते आतून ठणकत राहिले तर तो मुका मार. जखम दिसताच घरातील माणसे घाबरी होतात, धावपळ करतात, डॉक्टरांस बोलावणे धाडतात. मुक्या मारास मात्र आंबेहळद व रक्तचंदन उगाळून लेप द्यावा, हळद घातलेले ऊन दूध पाजावे आणि माणसास स्वस्थ निजू द्यावे, म्हणजे दोन दिवसांत तो हिंडूफिरू लागेल, असा समज आहे. पुष्कळ प्रसंगी तो खराही ठरतो, आणि म्हणूनच तो इतका दृढ झाला आहे. परंतु चिंचेच्या झाडावरून पडलेला, कोरड्या विहिरीच्या तळाशी आपटलेला, उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस अंगावर ओरखडाही नसताना रात्री बोलतो, पाणी मागतो, आणि पहाटे गेलेला असतो, हेही आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. अशा मरणाचे कारण विचारले तर 'घाव वर्मी लागला' एवढेच उत्तर मिळे.

हे वर्म कोणते, आणि त्याचा शोध कसकसा लागत गेला, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे अध्यापक आहोत. तेव्हा वैद्यकाच्या बारकाव्यांपेक्षा त्या शोधाच्या क्रमाकडेच आमचे लक्ष राहील, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रथम त्या जागेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. कमरेच्या खाली दोन बाजूंस दोन मोठी हाडे आणि मागे त्रिकास्थी मिळून एक कडे तयार झालेले असते. त्यास श्रोणी म्हणतात. आपण उभे राहतो ते या कड्याच्या बळावर. कड्याच्या आतल्या अंगास, हाडांस अगदी लागून, एका मोठ्या धमनीच्या अनेक शाखा पसरलेल्या असतात, आणि त्यांच्याभोवती नीलांचे दाट जाळे असते. कडे मोडले की हाडांच्या टोकदार कडांनी किंवा ताणलेल्या स्नायुबंधांच्या हिसड्याने या वाहिन्या फाटतात. रक्त बहुतेक वेळा नीलांतून व मोडलेल्या हाडांतूनच येते, आणि ते आपल्याच दाबाने पुष्कळदा थांबते. परंतु काही थोड्या रुग्णांत धमनीच फाटलेली असते, आणि तिच्यातील रक्त हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी जोराने बाहेर पडत राहते. ते जाते कोठे? पोटाच्या पडद्यामागे जी सैल जागा आहे तीत. त्या जागेत कित्येक लिटर रक्त साठू शकते, आणि प्रौढ माणसाच्या सबंध देहात रक्त असते अवघे पाच लिटरांच्या आसपास. म्हणजे बाहेर एक थेंबही न सांडता माणूस आपल्याच रक्तात आतल्या आत बुडू शकतो. त्यातही कपटाची गोष्ट अशी, की सशक्त तरुणाच्या अंगातील सुमारे तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत त्याचा रक्तदाब टिकून राहण्याचा संभव असतो. तो बोलतो, ओळखतो. आणि भोवतालची मंडळी निर्धास्त राहतात.

आपल्या प्राचीन वैद्यांस या जागेची भीती ठाऊक होती. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी कटीकतरुण नावाचे मर्म कण्याच्या दोन्ही बाजूंस कमरेच्या हाडांपाशी आहे. तेथे आघात झाला तर रक्तक्षयाने मनुष्य पांढराफटक व निस्तेज होऊन मरतो, असा त्याचा अभिप्राय आहे. त्याच परिसरातील पार्श्वसंधी या मर्मावर घाव बसला असता कोठा रक्ताने भरतो आणि त्याने मृत्यू येतो, असेही तो सांगतो. ही दोन्ही मर्मे त्याने 'कालांतर-प्राणहर' या वर्गात घातली आहेत, म्हणजे प्राण तत्काळ न घेता काही काळाने घेणारी. कोठा रक्ताने भरणे आणि वरून देह पांढरा पडणे या दोन गोष्टींची नोंद इतक्या प्राचीन काळी व्हावी, हे निरीक्षण सामान्य नव्हे. पुढे आमच्याच मुलखात, देवगिरीच्या यादवांच्या अमदानीत, हेमाद्रीने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. त्याचे नाव आज लोकांच्या तोंडी राहिले आहे ते हेमाडपंती देवळांमुळे, आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास तशी देवळे अद्याप उभी आहेत. पण त्या कारभाऱ्याचा वैद्यकाशीही असा निकटचा संबंध होता, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते.

तथापि जाणणे निराळे आणि उपाय असणे निराळे. रक्त थांबविण्याचे चार मार्ग सुश्रुताने सांगितले: तुरट औषधांनी जखमेची तोंडे सांधणे, थंडाव्याने रक्त गोठविणे, भस्माने व्रण पिकविणे, आणि अखेर डाग देणे. चारही मार्ग उत्तम. परंतु ते चालतात हात पोहोचेल तेथे. हाडांच्या कड्याच्या आत तुरट काढा पोहोचत नाही की तापलेली सळई पोहोचत नाही.

दिसणारी जखम व न दिसणारी जखम यांत किती अंतर असते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे शहराने अवघ्या दोन-तीन वर्षांच्या आत दोन प्रसंगांनी दाखवून दिले. पहिला प्रसंग कावसजी नामक बैलगाडीवानाचा. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेबरोबर होता; तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी उतरवून त्याचे नाक नवे बनविले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, तिचे वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आले, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तसाच प्रयोग यशस्वी केला. युरोपातील आधुनिक नासिकारोपणाचा आरंभ येथून धरतात.

दुसरा प्रसंग दुःखाचा आहे, आणि तो मराठी वाचकांस परिचित आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. ज्या निजामाच्या राज्यात आमचा जिल्हा पुढे १९४८ पर्यंत राहिला, त्याच निजामावरचा हा विजय. त्यानंतर सातच महिन्यांनी, दसरा होऊन दोनतीन दिवस झाले असतील, तोच २५ ऑक्टोबरला एकवीस वर्षांचे सवाई माधवराव पेशवे शनवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली चौकात पडले. त्यांचे दोन अवयव मोडले, आणि खालच्या कारंज्याच्या नळीचा त्यांस जबर मार लागला. त्यानंतर ते दोन दिवस जगले. २७ ऑक्टोबरला त्यांचा अंत झाला, आणि पुढच्या तेवीस वर्षांत पेशवाईचाही झाला.

हा अपघात की आत्मघात, यावर सव्वादोनशे वर्षे वाद चालला आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात त्यांनी आपण होऊन उडी घेतली असे लिहिले. तापाच्या भ्रमात तोल गेला असा पक्ष कित्येक मराठी अभ्यासकांनी हिरीरीने मांडला. नाना फडणविसांचा दोष किती, यावर नाटके झाली, ग्रंथ झाले. वर्गात हा भाग शिकवताना आमचे विद्यार्थीही हाच प्रश्न काढतात. परंतु इतक्या मोठ्या वादात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही: ते दोन दिवस कशाचे होते? पडल्याक्षणी मृत्यू आला नाही. दोन दिवस जीव तग धरून होता. मांडीचे एक हाड मोडले तरी लिटरभर रक्त मांडीतल्या मांडीत मुरते. उंचावरून पडलेल्यांची श्रोणी मोडण्याचे प्रमाण तर फार मोठे. सवाई माधवरावांच्या मृत्यूचे निदान आज करण्याचा आमचा मुळीच आग्रह नाही. आम्ही इतकेच म्हणतो, की ज्या नगरीत गाडीवानास नवे नाक मिळू शकले, त्या नगरीत राज्याच्या धन्यास दोन दिवसांची मुदत मिळूनही तिचा उपयोग करता आला नाही; आणि याचे कारण वैद्यांचे अज्ञान किंवा अनास्था नव्हे. नाक डोळ्यांपुढे असते. आतला स्राव पाहण्यास त्या काळी पृथ्वीच्या पाठीवर कोणापाशीही डोळा नव्हता.

युरोपातही स्थिती निराळी नव्हती. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे याने १५५२ च्या सुमारास, हातपाय तोडताना, डागण्याऐवजी धमनी दोऱ्याने बांधण्याची रीत सुरू केली. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त शरीरात फिरते हे सिद्ध केले. १८१२ साली वेस्ट इंडीजमधील सांताक्रूझ बेटावर विल्यम स्टीव्हन्स या डॉक्टराने श्रोणीच्या आतली मुख्य धमनी बांधून दाखविली. हा मोठा पराक्रम होता. परंतु मोडलेल्या श्रोणीच्या रुग्णांस त्याचा पुढे फारसा लाभ झाला नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. साठलेले रक्त आपल्या दाबाने फाटलेल्या वाहिन्यांस काही अंशी चेपून धरीत असते. पोट उघडले की तो दाब सुटतो, आणि अडविलेले पाणी बांध फुटावा तसे रक्त उसळते. त्या पुरात फाटलेली बारीक शाखा सापडणार कशी? बरे, मुख्य धमनी बांधली तरी उजव्या-डाव्या बाजूंच्या शाखा एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळे रक्त दुसऱ्या वाटेने वळसा घेऊन त्याच छिद्राशी येते. पाटाचे तोंड बंद करावे आणि शेजारच्या पाटातून पाणी पाझरत त्याच वाफ्यात यावे, तशातली ही गत. बाहेरून आत जाण्याचा मार्ग अशा रीतीने खुंटला होता.

सवाई माधवरावांच्या मृत्यूस शंभर वर्षे पुरी झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत राँटगेन यास क्षकिरण सापडले. अदृश्यास दृश्य करणारा तो पहिला डोळा. पुढच्याच जानेवारीत व्हिएन्नात हाशेक व लिंडेन्थाल यांनी मृत माणसाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत दाट द्रव भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे चित्र लिस्बनच्या एगास मोनीझने १९२७ साली घेतले. तथापि धमनीत सुरक्षितपणे शिरावे कसे, हा प्रश्न होताच. तो स्वीडनच्या सेल्डिंगर या तरुण डॉक्टराने १९५३ साली सोडविला, आणि तोही इतक्या साध्या युक्तीने की पूर्वी कोणास ती कशी सुचली नाही याचे आश्चर्य वाटावे. जांघेतील धमनीत सुई टोचावी, सुईतून एक लवचीक तार आत सरकवावी, सुई काढून घ्यावी, आणि तारेवरून बारीक नळी आत ओवावी. मग तार काढून घ्यावी. कापाकापी नाही, टाके नाहीत. नाडीत सुई घालून नाडी ओवणाऱ्या आपल्या गृहिणींस ही कल्पना समजण्यास अडचण पडू नये.

या नळीचा उपयोग पाहण्याबरोबर दुरुस्तीसाठीही करता येईल, हे अमेरिकेतील पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटरने ओळखले. १६ जानेवारी १९६४ रोजी त्याने ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या पायाची चोंदलेली धमनी अशाच नळ्यांनी आतून रुंद केली. पाय कापून टाकण्याचा सल्ला तिला मिळाला होता, तो पाय वाचला. चोंदलेली वाट उघडता येते, तर वाहती वाट बुजविताही येईल, हा पुढचा विचार त्याच मंडळींचा. १९७२ साली रॉश, डॉटर व ब्राऊन यांनी जठरातील रक्तस्राव धमनीतून आत जाऊन रुग्णाच्याच गोठलेल्या रक्ताने बंद केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील मार्गोलिस, रिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोणीच्या मोडीतील रक्तस्रावावर हीच रीत योजल्याचा निबंध छापला. सुश्रुताने ज्या मर्मापाशी मृत्यू सांगितला, तेथे मनुष्याचा हात प्रथमच, आणि तोही रक्ताच्याच वाटेने, पोहोचला.

या क्रियेस 'एम्बोलायझेशन' म्हणतात. मराठीत धमनीरोधन म्हणता येईल. ती कशी चालते हे थोडक्यात सांगतो. रुग्णाच्या जांघेची किंवा मनगटाची जागा बधिर करून वर सांगितलेल्या रीतीने नळी आत घालतात, आणि पडद्यावर पाहत ती श्रोणीच्या धमनीपर्यंत नेतात. नळीतून आयोडीनयुक्त द्रव सोडला की धमनीचा सारा वृक्ष, फांद्या-डहाळ्यांसह, पडद्यावर उमटतो. आणि जेथे डहाळी फाटली असेल तेथे तो द्रव शाईच्या डागासारखा पसरताना दिसतो. त्या डागापर्यंत आणखी बारीक नळी नेऊन तेथे जिलेटिनच्या स्पंजाचे कण किंवा धातूच्या बारीक तारेची वेटोळी, ज्यांस कॉइल म्हणतात, सोडतात. स्राव थांबतो. स्पंज काही आठवड्यांत विरून जातो, आणि तोवर जखम भरून आलेली असल्यामुळे वाहिनी पुन्हा मोकळी होऊ शकते. नीलांतील व हाडांतील रक्तावर मात्र या क्रियेचा इलाज नाही. त्यासाठी मोडलेले कडे बाहेरून आवळून धरणे, प्रसंगी आत घड्या भरून दाब देणे, आणि वेळेवर रक्त चढविणे, हीच साधने. कोणास काय लागेल हे ठरविण्यास सी. टी. स्कॅनचा फार उपयोग होतो, आणि योगायोग असा की माणसाचे पहिले सी. टी. चित्र लंडनमध्ये घेतले गेले तेही १९७१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे याच सुमारास.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. निजामी अमदानीत मोठ्या दुखण्यास हैदराबाद हाच आसरा होता. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली, औरंगाबादेस, ज्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. नांदेडचे १९८८ साली निघाले, आणि खुद्द परभणीचे २०२३ साली. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावू लागली. ही प्रगती लहान नव्हे, आणि तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु धमनीरोधन करणारा तज्ज्ञ, त्याचे यंत्र, आणि रात्री-अपरात्री तयार असणारी त्याची मंडळी ही मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतच प्रायः एकत्र आढळतात. आणि परभणीहून संभाजीनगरच दोनशे किलोमीटरांच्या आसपास, मग मुंबईची गोष्ट बोलावयासच नको. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून किंवा जिंतूरच्या एखाद्या वाडीतून जिल्ह्याच्या गावी येण्यातच पहिले तास जातात. फाटलेली धमनी तास मोजीत नाही.

येथे आम्हांस आमच्या मूळ शब्दाकडे परत यावे लागते. या शोधाच्या इतिहासात प्रत्येक पाऊल दिसण्याचे आहे: सुश्रुताने लक्षण पाहिले, राँटगेनने हाड पाहिले, मोनीझने धमनी पाहिली, बोस्टनच्या डॉक्टरांनी फाटलेले तोंडच पाहिले. या साखळीची पहिली कडी मात्र रुग्णालयात नाही. ती विहिरीच्या काठावर, शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत आहे. रक्त दिसत नाही म्हणून धोका नाही, असे त्याने मानले, तर पुढची सारी यंत्रे व्यर्थ होत. उंचावरून पडलेला किंवा वाहनाखाली सापडलेला माणूस कंबर दुखते म्हणत असेल, त्याचा चेहरा उतरला असेल, अंगास गार घाम सुटला असेल, नाडी जलद व बारीक लागत असेल, तो वारंवार पाणी मागत असेल किंवा उगाच तळमळत असेल, तर तो मुका मार बोलू लागला आहे असे समजावे. त्यास उठवून बसवू नये, चालवून पाहू नये, कुशीवर लोळवू नये. हाडवैद्याकडून कंबर चोळून घेणे तर जिवावरचे आहे, कारण कसेबसे धरलेले रक्ताचे गोठण त्याने सुटते. घरातील एक चादर रुंद घडी करून खुब्यांच्या उंचवट्यांवरून, म्हणजे कमरेच्या बऱ्याच खाली, घट्ट आवळून बांधावी, गुडघे एकमेकांस बांधावे, आणि सपाट फळीवर निजवून न्यावे. १०८ वर बोलताना 'कंबर दुखते' एवढे सांगून थांबू नये. किती उंचावरून पडला व केव्हा पडला, हे आधी सांगावे. या चादरीने उघडलेले कडे मिटते, आतली जागा आवळते आणि वेळ मिळतो. एवढ्याशा वेळावरच पुष्कळदा सारे अवलंबून असते.

सरकारकडेही आमची एक मागणी आहे. आमच्या जिल्ह्यात आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्यातील एका तरी ठिकाणी ही सोय अहोरात्र असावी, आणि कोठल्या रुग्णास कोठे न्यावे हे रुग्णवाहिकेच्या डॉक्टरास वाटेतच कळावे, म्हणजे एका रुग्णालयातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरण्यात जाणारे तास वाचतील. शनवारवाड्यावर १७९५ साली दोन दिवस होते आणि उपाय नव्हता. आज उपाय आहे. दिवसांचे म्हणाल तर तेवढे ते दर वेळी मिळतीलच असे नाही. म्हणून विहिरीच्या काठावरील पहिला तास तरी हळदीच्या लेपात जाऊ नये.